रोमाने-कोंतीचा मळा : वाटणी जमिनीची की हक्काची?

आमच्याकडे शेतीच्या दुरवस्थेची चर्चा निघाली म्हणजे ती बहुधा एका वाक्यापाशी येऊन थांबते : "जमिनीचे तुकडे पडले, आता शेती परवडणार कशी?" हे वाक्य खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते अर्धेच खरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि ते मत ज्या एका उदाहरणावरून दृढ झाले, ते उदाहरण शेतकरी बंधूंपुढे सविस्तर मांडावे म्हणून हा लेख लिहिला आहे.

फ्रान्स देशाच्या बर्गंडी प्रांतात दिजाँ आणि बोन ह्या दोन शहरांच्या दरम्यान व्होन-रोमाने नावाचे एक लहानसे खेडे आहे. खेड्याच्या पश्चिमेस टेकडीची सोंड उतरते. त्या उताराच्या मध्यावर, फार वरही नाही आणि फार खालीही नाही अशा ठिकाणी, १ हेक्टर ८१ आर क्षेत्राचा एक द्राक्षमळा आहे. आपल्या हिशेबाने हे क्षेत्र सुमारे ४ एकर १९ गुंठे भरते. सरकारदरबारी ज्यास अल्पभूधारक म्हणतात, त्याच्या धारणेत ते सहज बसावे. ह्या मळ्याचे नाव रोमाने-कोंती. ह्याच्या १९४५ सालच्या द्राक्षरसापासून झालेल्या मद्याची एक बाटली २०१८ साली न्यूयॉर्क येथील लिलावात ५,५८,००० डॉलरांस गेली. एका बाटलीस एवढी किंमत देणाऱ्याच्या शहाणपणाविषयी वाचकांनी आपापले मत खुशाल बनवावे. आपणांस पाहावयाचे आहे ते निराळेच. साडेचार एकरांच्या शेताचे नाव जगभर कसे झाले, आणि मुख्य म्हणजे ते साडेचार एकरच कसे राहिले, हे पाहावयाचे आहे.

प्रथम एक खुलासा करणे इष्ट आहे. हा लेख मद्यपानाचा पुरस्कार नव्हे. ज्या घरात दारूने शेत गेले, त्या घरास हे वर्णन रुचणार नाही आणि त्याचा तो अधिकारच आहे. परंतु फ्रान्सच्या शेतकऱ्यास द्राक्ष म्हणजे आमच्याकडे ऊस किंवा कापूस तसे नगदी पीक होय, आणि त्या पिकाच्या व्यवस्थेतून शिकण्याजोगे जे आहे ते शिकण्यास मद्य पिण्याची गरज पडत नाही.

मळ्याचा इतिहास मोठा आहे. ११३१ साली बर्गंडीच्या ड्यूकने सँ-व्हिव्हाँ येथील मठास ह्या परिसरातील जमिनी दान दिल्या. आमच्याकडे देवस्थानास इनाम जमिनी मिळत, तशातलाच हा प्रकार. मठाच्या साधूंनी शतकानुशतके ह्या उतारावर वेली जोपासल्या. कोणत्या पट्ट्यातील रस गोड, कोणत्या पट्ट्यात माती पातळ, कोठे पाणी साचते, कोठे हिवाळ्याचे धुके आधी विरते, हे त्यांनी पिढ्यान्पिढ्या पाहिले. बर्गंडीत आज बाराशेंहून अधिक पट्ट्यांस स्वतंत्र नावे व ठरलेल्या हद्दी आहेत. त्यांस तिकडे 'क्लिमा' म्हणतात, आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांची गणना जागतिक वारशात केली. आमच्या गावांतही 'चिंचेचा मळा', 'पांढरीचे शेत', 'खडकाळी' अशी शेतांची नावे आहेतच. फरक इतकाच की, बर्गंडीत नावाबरोबर त्या शेताच्या मालाची वेगळी किंमतही झाली. आमच्याकडे सगळ्या शेतांचा माल बाजारात जाऊन एका ढिगात पडला.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा पट्टा मठाकडून गेला आणि पुढे क्रोनेंबूर नावाच्या घराण्यात आला. त्यांच्या काळात त्यास 'रोमाने' हे नाव मिळाले. १७६० साली फ्रान्सच्या राजघराण्यातील कोंतीचा राजपुत्र लुई-फ्राँस्वा ह्याने तो फार मोठ्या किंमतीस विकत घेतला. राजाची मर्जीतील मादाम द पाँपादूर हिला हाच मळा हवा होता व राजपुत्राने तिच्यावर मात केली, अशी एक आख्यायिका सांगतात; आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी. राजपुत्राने मळ्याचा सगळा माल स्वतःच्या पंक्तीसाठी राखून ठेवला. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर सरदार व मठ ह्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि १७९४ साली ह्या मळ्याचा लिलाव झाला. गंमत अशी की, सरदारांचे नाव पुसून टाकण्याच्या त्या दिवसांतच लिलावाच्या कागदांत 'रोमाने'स 'कोंती' हे पद जोडले गेले. भाव चढावा म्हणून विकणाऱ्यांस सरदाराचे नाव उपयोगी पडले! पुढे १८१९ साली ज्युल उव्ह्रार व १८६९ साली द्युव्हो-ब्लोशे असे मालक बदलत गेले.

मालक इतके बदलले; मठ, सरदार, सावकार, व्यापारी असे सगळे वर्ग येऊन गेले; पण बांध हलला नाही. ही गोष्ट आपणांस क्षुल्लक वाटेल, परंतु फ्रान्समध्ये ती अपवादात्मक आहे. नेपोलियनच्या १८०४ च्या दिवाणी संहितेने सर्व मुलांस वारशाचा समान हक्क दिला. थोरल्याने सगळे घ्यावे आणि धाकट्यांनी देशोधडीस लागावे ही जुनी रीत त्याने मोडली. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु त्याचा परिणाम म्हणून बर्गंडीतील मळ्यांचे इतके तुकडे पडले की, आज एकेक मालक दोनचार ओळी वेलींचा धनी असतो आणि त्याच्या ओळींच्या पलीकडे दुसऱ्याच्या ओळी लागतात.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण व्होनपासून अवघ्या काही मैलांवर आहे. क्लो द व्हुजो हा सिस्तर पंथाच्या साधूंनी दगडी भिंत घालून बंदिस्त केलेला सुमारे १२५ एकरांचा मळा. राज्यक्रांतीनंतरही तो एका हाती राहिला; वर ज्याचा उल्लेख केला तो ज्युल उव्ह्रार ह्याचाही मालक होता. १८८९ साली त्याचे प्रथम तुकडे पडले. आज त्याच एका भिंतीच्या आत ऐंशीच्या घरात मालक आहेत, म्हणजे सरासरी दीड एकर. त्यांपैकी काहींचा माल उत्कृष्ट असतो. काहींचा सामान्य असतो. बाटलीवर नाव मात्र सर्वांच्या एकच, आणि घेणाऱ्यास भिंतीचे नाव वाचून आतील मालाचा भरवसा धरता येत नाही. एकाने फवारणी चुकविली तर रोग शेजाऱ्याच्या ओळीत जातो. एकाने उत्पन्न वाढविण्यासाठी वेलींवर जास्त घड ठेवले तर नाव सर्वांचे जाते. वाटणी झालेल्या भावांच्या शेतांत हे रोज घडते, त्यास बर्गंडीस जाण्याची गरज नाही.

आता रोमाने-कोंतीवर आलेल्या मोठ्या संकटाकडे वळू. १८६० नंतरच्या काळात अमेरिकेतून आणलेल्या द्राक्षवेलींबरोबर माव्याच्या जातीचा एक अत्यंत बारीक कीटक फ्रान्समध्ये शिरला. तो वेलीच्या मुळ्यांवर राहून त्यांतील रस शोषतो, मुळ्यांस गाठी येतात, त्या कुजतात आणि दोनचार वर्षांत वेल उभी वाळते. १८६८ साली माँपेलिए येथील प्लाँशों ह्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी हा कीटक मुळ्यांवर शोधून काढला. त्याचे नाव फायलोक्झेरा. फ्रान्सच्या बहुतेक सर्व द्राक्षमळ्यांचा ह्याने विध्वंस केला. १८७८ साली तो बर्गंडीच्या ह्या भागात पोहोचला. उपाय दोन निघाले. एक, अमेरिकन वेलीच्या मुळ्यांस हा कीटक फारसे अपाय करू शकत नाही, म्हणून अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचा डोळा बांधावयाचा. आमच्या बागाईतदारांसही खुंटावरचे कलम आता परिचयाचे झाले आहे. आपण 'डॉगरिज' खुंट घेतला तो मुख्यतः पाण्याची टंचाई व जमिनीतील क्षार ह्यांपायी. परंतु तो खुंटही मूळचा अमेरिकनच. दुसरा उपाय म्हणजे जमिनीत पिचकारीसारख्या लोखंडी यंत्राने कार्बन डायसल्फाइड नावाचे विषारी व ज्वालाग्राही द्रव टोचावयाचे. हा उपाय खर्चाचा, कष्टाचा आणि दरवर्षी करावा लागणारा.

बर्गंडीत प्रथम कलमांस मोठा विरोध झाला. विदेशी मुळी लावली तर रसाची जात बिघडेल अशी भीती होती, आणि १८८७ पर्यंत तेथे अमेरिकन खुंटास मोकळीक नव्हती. अखेर एकामागून एक सर्व मळे कलमांकडे वळले. रोमाने-कोंतीच्या मालकांनी मात्र जुनी वेल सोडली नाही. तेथे कलम न करता, वेलीची फांदी वाकवून जमिनीत दाबावयाची, तिला मुळ्या फुटू द्यावयाच्या आणि रिकामी जागा भरावयाची, अशी दाब कलमाची जुनी पद्धत चालू होती. त्यामुळे एका वेलीतून दुसरी अशी ती वंशपरंपरा अखंड चालत आली होती. हा वंश टिकविण्यासाठी मालकांनी दरवर्षी जमिनीत औषध टोचले आणि साठ वर्षांहून अधिक काळ त्या कीटकाशी झुंज दिली.

ही झुंज दुसऱ्या महायुद्धाने संपविली. औषध मिळेना, माणसे मिळेनात, खत मिळेना. वेली खंगल्या. १९४५ च्या वसंतात कडाक्याची थंडी पडली आणि त्या वर्षी सगळ्या मळ्यात मिळून सुमारे ६०० बाटल्यांपुरताच रस निघाला. वर ज्या बाटलीची किंमत सांगितली ती ह्या ६०० पैकी एक. त्या तोडणीनंतर मालकांनी सगळ्या वेली उपटल्या. १९४७ साली नवी लागवड केली, ती अर्थातच खुंटावरच्या कलमांची. परंतु डोळे आणले ते रोमाने-कोंतीच्या जुन्या वंशातलेच. कारण शेजारच्या ला ताश ह्या त्यांच्याच मळ्यात पूर्वी येथील काड्या लावलेल्या होत्या. नव्या वेलींचा पहिला माल १९५२ साली निघाला. १९४६ पासून १९५१ पर्यंत सहा हंगाम ह्या नावाची एकही बाटली बाजारात आली नाही.

सहा हंगाम! साडेचार एकरांतून सहा वर्षे एक पैचे उत्पन्न न घेता थांबणे म्हणजे काय, हे ज्याने डाळिंबाची रोगट बाग उपटून नवी लावली आहे त्यासच समजेल. हे त्यांस कसे साधले? कोणी म्हणेल, ते श्रीमंत होते. हे काही अंशी खरे आहे. १९३३ साली त्यांनी ला ताश घेतला होता व इतर मळ्यांतही त्यांचे हिस्से होते, त्यांच्या उत्पन्नावर सहा वर्षे निभावली. परंतु दुसरी बाजूही पाहावी. समजा, हाच मळा चार भावांत एकेक एकराने वाटला गेला असता, तर त्या चौघांपैकी किती जणांनी एकाच वर्षी वेली उपटल्या असत्या? एकाच्या मुलीचे लग्न असते, दुसऱ्यावर कर्ज असते, तिसरा म्हणतो "माझ्या वेली अजून बऱ्या आहेत", आणि चौथ्याने उपटल्या तरी तिघांच्या मुळ्यांवरचा कीटक त्याच्या नव्या लागवडीकडे चालत येतो. मळा एक होता म्हणूनच तो एका निश्चयाने रिकामा करता आला.

आणि तो १९४५ साली एक राहिला ह्याचे कारण तीन वर्षे आधी, १९४२ साली घडले. प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या मळ्याच्या सगळ्या इतिहासात कोंतीच्या राजपुत्रापेक्षा हे वर्ष अधिक महत्त्वाचे आहे, जरी त्याविषयी आख्यायिका नाहीत. द्युव्हो-ब्लोशेनंतर मळा त्याच्या वंशजांकडे आला होता. वंशातील एका मुलीचा पती एदमाँ गोदँ द व्हिलेन आणि त्याचा मेहुणा शाँबों हे दोघे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे सहमालक होते. १९४२ साली शाँबोंने आपला अर्धा हिस्सा विकावयाचे ठरविले. ऐन युद्धाचा काळ, पैसा कोणाजवळ नाही. अशा वेळी आमच्याकडे काय झाले असते? मोजणीदार आला असता, मळ्याच्या मधोमध खुंट्या ठोकल्या असत्या, आणि एक बाजू एकास व दुसरी बाजू परक्यास गेली असती. तेथे तसे झाले नाही. व्हिलेनचा स्नेही, ऑरी लेरुआ नावाचा एक व्यापारी, ह्याने शाँबोंचा हिस्सा घेतला. आणि त्याच सुमारास मळ्याची एक 'सोसिएते सिव्हिल', म्हणजे व्यापारी कंपनी नव्हे तर मालमत्ता एकत्र धारण करणारी खाजगी भागीदारी संस्था, स्थापन झाली. जमीन संस्थेची, वारसांकडे राहिले ते भाग. पुढे व्हिलेन घराण्यात व लेरुआ घराण्यात मुले-नातवंडे वाढली, त्यांच्यांत भागांची वाटणी झाली, पण मोजणीदारास मळ्यात यावे लागले नाही. कारभारी दोन, प्रत्येक घराण्याचा एक.

माझ्या मते ह्या सगळ्या कथेतील आमच्या उपयोगाची गोष्ट हीच. आम्ही वाटणी म्हटले की जमीन मोजतो. वाटणी हक्काची, उत्पन्नाची करता येते, जमिनीची करावीच लागते असे नाही, हा विचार आमच्या घरांत फारसा रुजलाच नाही. १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा झाला. त्याने अमुक क्षेत्राखाली तुकडा पाडू नये असे सांगितले. पण वारस चार आणि शेत दोन एकर, तर त्या चौघांनी काय करावे ह्याचे समाधानकारक उत्तर त्या कायद्यात नव्हते. म्हणून सातबारावर नावे एकत्र राहिली आणि शेतात मात्र तोंडी वाटणीने बांध पडले. २००५ पासून मुलींसही वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तो न्याय्यच आहे. परंतु त्यामुळे वाटेकरी वाढले हेही खरे, आणि बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेऊन हा प्रश्न 'सोडविण्याची' जी रीत गावोगाव पडली आहे, ती मला लाजिरवाणी वाटते. रोमाने-कोंती मुलीच्या वंशातूनच व्हिलेन घराण्याकडे आला, हे येथे ध्यानी घ्यावे.

मळ्यातील प्रत्यक्ष कामाविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाही तर हे सगळे केवळ कागदपत्रांचे यश होते असा समज होईल. जमीन चुनखडीवरची, माती पातळ, तांबूस आणि चिकणमातीमिश्रित. द्राक्षाची जात पिनो न्वार, काळी, पातळ सालीची व नाजूक. हेक्टरी दहा हजारांहून अधिक वेली, म्हणजे आमच्या डोळ्यांस फार दाट. पण प्रत्येक वेलीवर घड थोडे. साधारण तीन वेलींमागे एक बाटली पडते. मद्याचा उतारा हेक्टरी २५ हेक्टोलिटरच्या आसपास ठेवतात. म्हणजे एकरी सुमारे हजार लिटर, आणि द्राक्षांच्या वजनात एकरी सव्वा ते दीड टन. आमच्याकडील खाण्याच्या द्राक्षांचा उतारा ह्याच्या कित्येक पट असतो. सगळ्या मळ्यातून वर्षास पाचसहा हजार बाटल्या निघतात, कधी त्याहून कमी. यंत्राच्या वजनाने माती दबू नये म्हणून तेथे घोडा लावून नांगरणी करतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक खतांच्या अतिरेकाने बर्गंडीच्या जमिनी बिघडल्या, असे तेथील जाणत्यांचे म्हणणे पडले, आणि ह्या मळ्याने १९८० नंतर रसायने सोडून सेंद्रिय पद्धती धरली. घोड्याची नांगरणी ऐकून आमच्या तरुणांस हसू येईल. परंतु ओल्या मातीवरून ट्रॅक्टर फिरविल्यावर पुढील वर्षी पाणी का मुरत नाही, हा प्रश्न त्यांनीही कधी तरी स्वतःस विचारला असेलच.

तोडणी हाताने, सप्टेंबरच्या सुमारास. घड पाहून, सडका मणी काढून, बहुतांशी देठांसकटच अख्खे घड लाकडी कोठ्यांत टाकतात. तेथे सुमारे तीन आठवडे रस आंबतो, आणि वर तरंगणारी साले वरचेवर खाली दाबतात. मग तो रस ओकच्या नव्या पिंपांत दीड वर्षाच्या आसपास मुरतो. पिंपांचे लाकूड आधी उघड्यावर वर्षानुवर्षे वाळविलेले असते. ह्या कृतीत गुप्त असे काही नाही. पाहावयास येणाऱ्या कोणासही ती कळते. वेलींच्या निवडीचे तसेच. मळ्यातील चांगल्या वेली वर्षानुवर्षे हेरून त्यांच्या काड्यांपासून पुढील रोपे करावयाची, आणि एकाच मातृवेलीवर न विसंबता अनेक घ्यावयाच्या, ही तेथील रीत. आमच्या शेतकऱ्यांस ही नजर नाही असे समजू नये. तासगाव भागात 'तास-ए-गणेश' आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नजला 'सोनाका' हे द्राक्षाचे वाण शेतकऱ्यांनीच आपल्या बागेतील वेगळी वेल हेरून निवडले. नजर आहे. उणे आहे ते निवडलेल्याचे नाव व किंमत पुढील तीन पिढ्या सांभाळणाऱ्या व्यवस्थेचे.

नाव सांभाळण्याचे काम फ्रान्समध्ये कायद्याने वाटून घेतले आहे. १९३५ च्या कायद्याने प्रदेशनामांची व्यवस्था झाली आणि १९३६ साली रोमाने-कोंतीची हद्द, जात व उताऱ्याची मर्यादा सरकारी हुकुमाने ठरली. तेवढ्या ४ एकर १९ गुंठ्यांबाहेरच्या मालास ते नाव लावणे हा गुन्हा आहे. तरीही ठकविणारे निघतातच. ह्याच्या व अशाच दुसऱ्या नामांकित मळ्यांच्या बनावट बाटल्या घरी भरून विकणाऱ्या एका इसमास २०१३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरविले गेले. २०१० च्या आरंभी तर मळ्याच्या चालकास टपालाने एक नकाशा आला. त्यात वेलीन् वेल दाखविलेली होती, आणि दहा लाख युरो न दिल्यास वेलींस विष देऊ, अशी धमकी होती. दोन वेलींस प्रत्यक्ष विष टोचलेले आढळले. पोलिसांनी सापळा रचून गुन्हेगारास पकडले. आमच्याकडे भाऊबंदकीतून उभ्या बागेवर कोयता चालतो, त्याचीच ही सुधारलेल्या देशातील आवृत्ती म्हणावी.

आता ह्या मतावर येणारे आक्षेप. पहिला असा की, एकत्र धारणेचे प्रयोग आमच्याकडे झाले आणि फसले. सहकारी शेती संस्था कायद्यात आहेत, कागदावर पुष्कळ निघाल्या, आणि त्यांतील कित्येक अनुदान संपताच संपल्या. हे खरे आहे. पण त्या संस्थांनी परस्परांस अनोळखी अशा लोकांची वेगवेगळी शेते कृत्रिमपणे एक करावयाचा प्रयत्न केला. मी जे म्हणतो ते उलट आहे : जे शेत आज एक आहे ते मोडू नये, एवढेच. दुसरा आक्षेप, भागीदारीत भांडणे होतात. होतातच. रोमाने-कोंतीतही झाली. १९७४ पासून ओबेर द व्हिलेन व लेरुआची कन्या लालू बीझ-लेरुआ हे दोघे कारभारी होते. त्यांचे बिनसले आणि १९९२ साली तिला पद सोडावे लागले. भांडण मोठे गाजले. पण लेरुआ घराण्याचे भाग लेरुआ घराण्याकडेच राहिले आणि त्या घराण्यातलाच दुसरा कारभारी तिच्या जागी आला.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्यास माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. भाग वाटत गेले तर पुढे भागधारक इतके होतात की, त्यांच्यांत शेतावर राहणारा एकही उरत नाही, आणि जमीन न मोडता सबंधच परक्याच्या हाती जाते. व्होनच्या जवळच क्लो द तार नावाचा साडेसात हेक्टरांचा मळा आहे. ११४१ पासून त्याचे तुकडे कधीच पडले नाहीत. १९३२ पासून तो मोमेसँ घराण्याकडे होता. २०१७ साली त्या घराण्याने तो एका अब्जाधीशाच्या कंपनीस विकला. बांध शाबूत राहिला, घराणे गेले. म्हणून नुसती संस्था काढून भागत नाही. भाग विकावयाचा झाल्यास प्रथम घरातच विचारला पाहिजे, आणि जो शेतावर राबतो त्यास मजुरी व कारभाराचा मोबदला आधी मिळून मग उरलेले भागांवर वाटले पाहिजे, ह्या दोन अटी लेखात स्पष्ट हव्यात. पुण्यामुंबईस नोकरी करणारा भाऊ आणि गावी राबणारा भाऊ ह्यांच्यांतील कडवटपणा बहुधा ह्या दुसऱ्या अटीच्या अभावीच वाढतो.

परस्परांवर विश्वास टाकण्यास संकट यावे लागते, असेही दिसते. २०१६ च्या एप्रिलअखेर बर्गंडीत हिमदव पडून माँराशे ह्या प्रसिद्ध मळ्यातील बहर बहुतेक जळाला. तो मळा अनेक मालकांत वाटलेला आहे. रोमाने-कोंतीवाल्यांचाही त्यात हिस्सा आहे. एकेकाचा माल इतका थोडा की स्वतंत्र पिंप भरेना. तेव्हा सात मालकांनी आपापली द्राक्षे एकत्र करून एकच मद्य केले. पुढील वर्षी पीक बरे आले आणि जो तो पुन्हा आपल्या ओळींकडे गेला.

ओबेर द व्हिलेन ह्याने २०२१ अखेर कारभार सोडला. आता त्याचा पुतण्या बेर्त्राँ हा व्हिलेन घराण्याच्या वतीने काम पाहतो. लेरुआ घराण्याच्या वतीने २०१९ पासून पेरीन फेनाल ही बाई कारभारी आहे. १९९२ साली जिला पद सोडावे लागले, तिचीच ही मुलगी.